ट्रेलरचे टायर घेण्याआधी वजनकाट्यावर जा
पहिला कॅम्पिंग ट्रेलर घेतलात, अभिनंदन! आणि त्याला कोणते टायर घ्यावेत, हे घ्यायच्या आधी विचारलंत, हे फार बरं केलंत.

सुरुवात वजनापासून करा. पाण्याची टाकी, सिलिंडर, भांडीकुंडी, अंथरुणं, सगळं भरून ट्रेलर काट्यावर न्या. नुसतं १०० लिटर पाणीच १०० किलो होतं. जमलं तर डावी-उजवी चाकं वेगवेगळी तोला. टाकी आणि ओटा एकाच बाजूला असेल तर ती बाजू जड भरते. माझ्या ट्रेलरमध्ये हा फरक चांगला दीडशे किलोंचा निघाला होता. सर्वांत जड चाकाचा आकडा धरा आणि त्याहून किमान १५-२० टक्के जास्त पेलणारा टायर बघा.

टायरच्या बाजूवर मापाशेजारी लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो त्याचा सांकेतिक आकडा, असतो. १०० म्हणजे ८०० किलो, ११० म्हणजे १०६०. हा भार एका टायरचा, आणि तोही ठरलेली पूर्ण हवा असेल तेव्हाच. हवा कमी भरली की क्षमताही घटते.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- माप जुळलं म्हणून कारचा टायर बसवणं
- स्टेपनी कमी क्षमतेची ठेवणं
- गरम टायरची हवा मोजणं
- नक्षी शाबूत दिसते म्हणून जुनाट टायर वापरणं. टायरवरची चार आकडी उत्पादनाची तारीख वाचा: ३२२३ म्हणजे २०२३चा ३२वा आठवडा.

रिमची क्षमताही तपासा. रेडियल की बायस (टायरच्या आतल्या धाग्यांच्या रचनेचे दोन प्रकार), ते नंतर बघू. काट्याचे आकडे आले की कळवा, मिळून टायर ठरवू.