काळ्या खडकातला कार्बन की गोठ्यातली साथ? अकरावीतल्या लेकीसाठी

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र थोडक्यात असं. लेक अकरावी सायन्सला आहे, गाव जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातलं, घरी केळी आणि सहा-सात गुरं. २०२२ च्या लंपी या गुरांच्या साथीत एक बैल गेला, तेव्हापासून तिला जनावरांच्या रोगांवर संशोधन करायचंय. आता कारखान्यांतला कार्बन डायऑक्साइड काळ्या दगडात कायमचा गाडता येतो असं तिने वाचलं, आणि तो दगड आपल्याच शेताखाली आहे म्हटल्यावर तिला भूगर्भशास्त्रही खुणावतंय. आईचं म्हणणं, डॉक्टरच व्हायचं तर माणसांची हो. कॉलेजात कुणी सांगितलं, चार विषयांचा भार कशाला, गणित सोड. तुम्ही विचारलंय, स्कोप कशाला आहे?

स्कोपचं नंतर बघू, आधी गणित. ते बारावीपर्यंत सोडू देऊ नका. जीवशास्त्र सुटलं तर पशुवैद्यकाचं दार बंद होतं. गणित सुटलं तर भूगर्भशास्त्राची साधी बीएस्सी होईलही, पण कार्बन साठवणुकीचं खरं काम म्हणजे खडकातून वायू किती वेगाने, कुठे जाईल याची आकडेमोड, आणि ती गणिताशिवाय होत नाही. दीड वर्षाचा भार सोसला तर दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.

कार्बन साठवणुकीची वेगळी पदवी नसते. तिथे भूगर्भशास्त्र, भूभौतिकी, रसायन किंवा पेट्रोलियम अभियांत्रिकीतून जावं लागतं. बीएस्सीनंतर जॅम परीक्षा देऊन मुंबई, खरगपूर, रुरकी, धनबाद इथल्या आयआयटीत एमएस्सी आणि मग पीएचडी, हा सरळ मार्ग. मुंबईच्या आयआयटीत कार्बन पकडणे आणि वापरणे यावर राष्ट्रीय केंद्रही आहे. एकूण नऊ-दहा वर्षं धरा. आज देशात फक्त याच विषयाच्या नोकऱ्या मोजक्या आहेत. म्हणून मुलीने शिकायचं ते भूजल आणि खडक. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आणि केंद्राची भूवैज्ञानिक परीक्षा अशा नोकऱ्या त्यावर मिळतात, आणि कार्बनचं काम वाढलं तर तीच माणसं लागतील.

ताई, आता तुझ्यासाठी. आइसलँडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पात २०१२ पासून कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये, म्हणजे याच काळ्या दगडात सोडतात. ते आम्लधर्मी पाणी खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह सोडवतं आणि त्यांचे कार्बोनेट तयार होतात, म्हणजे वायूचा दगड होतो. पहिल्या चाचणीतला ९५ टक्क्यांहून जास्त वायू दोन वर्षांच्या आत खनिज झाल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकेत वॉलुला इथे २०१३ मध्ये दुसरी रीत वापरली. पाणी न मिसळता, दाबाखालचा सुमारे हजार टन कार्बन डायऑक्साइड आठ-नऊशे मीटर खोल सोडला. इतक्या खोलीवर दाबामुळे तो वायूसारखा फुगत नाही, द्रवासारखा दाट राहतो.

बातम्यांत येतं की दख्खनच्या बेसाल्टमध्ये सगळ्या देशाचा कार्बन मावेल. हिशेब आपल्या भागाचा करून बघ. भुसावळजवळच्या दीपनगरच्या कोळशावरच्या वीज केंद्रातला ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने तासभर चालला तर पाच लाख युनिट वीज होते. कोळशाच्या विजेला युनिटमागे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धर, म्हणजे तासाला जवळपास ५०० टन. कार्बफिक्सच्या रीतीत टनामागे सुमारे २५ टन पाणी लागतं. म्हणजे एका संचाला तासाला सव्वा कोटी लिटर! केळीसाठी बोअर आणखी खोल नेणाऱ्या यावल-रावेरात हे कुणाला पटेल? म्हणूनच समुद्राच्या पाण्यावर आणि बिनपाण्याच्या रीतीवर काम चाललंय.

दुसरी अडचण तुला विहिरीवर दिसेल. तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात नाही, तिथे खडक खोल आहे. अमळनेर, पारोळा किंवा साक्रीकडे नातेवाइकांच्या नव्या विहिरीचा मलबा बघ. काळ्या दगडात पांढरे ठिपके असतात. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांनी झालेली ती भोकं, नंतर खनिजांनी भरलेली. आपला बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, त्याच्या पोकळ्या बऱ्याच ठिकाणी बुजलेल्या. कार्बन शिरायला जागा किती उरली, हा संशोधनाचा मूळ प्रश्न आहे. पांढरा भाग खिळ्याने खरवडून भुकटी कर आणि तिच्यावर व्हिनेगर टाक. बुडबुडे आले तर तो बहुधा कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियमचा कार्बोनेट, नाही आले तर झिओलाइटसारखं दुसरं खनिज किंवा गारगोटी. त्या बुडबुड्यांतला वायू कार्बन डायऑक्साइडच, दगडात अडकलेला. शिवाय धुळे-नंदुरबारकडे भिंतीसारख्या लांबच लांब काळ्या टेकड्या दिसतात. त्या जमिनीच्या भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या, म्हणजे डाइक. त्या कुठे भूजल अडवतात, तर कुठे त्यांच्या कडेच्या भेगांतून ते वाहून जातं. सोडलेला वायूही तसाच वागेल. हे बघताना तास कसा गेला ते कळलं नाही, तर तुझा कल समजला.

भाऊ, आता जनावरांकडे. बीव्हीएस्सी अँड एएच, म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, हा इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम. प्रवेश सीईटीवर नाही, नीटवर. आणि इथेच दरवर्षी मुलं चुकतात: एमबीबीएसच्या राज्य फेरीचा फॉर्म भरला की पशुवैद्यकाचाही झाला असं समजतात. तसं नाही. नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा, म्हणजे माफसूचा फॉर्म वेगळा, आणि पंधरा टक्के अखिल भारतीय जागांचा भारतीय पशुवैद्यक परिषदेचा आणखी वेगळा. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ ही राज्यातली जुनी कॉलेजं. नवी कुठली वाढली ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा. "पदविका करू, काम तेच" असं कुणी सांगेल. ते तसं नाही. पदविकाधारकाला नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली किरकोळ सेवाच देता येतात, स्वतंत्र उपचार नाहीत. संशोधन तर लांबच.

आईला सांगा, ही कमी प्रतीची डॉक्टरकी नाही. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ मध्ये, नवापूरच्या कोंबड्यांत, आणि निदान झालं भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेत. २०२२ च्या लंपीची राज्यातली सुरुवातही तुमच्या शेजारच्या रावेर तालुक्यातून झाली. तेव्हा बाधित गावाभोवती पाच किलोमीटरच्या परिघात लसीकरण झालं, आणि लस होती शेळ्यांच्या देवीची, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले. कुठली लस, कुठल्या परिघात, किती दिवसांत, हे ठरवणारी माणसं साथरोगशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात एमव्हीएस्सी, म्हणजे पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी केलेली असतात. तुमच्या लेकीला हवंय ते हेच काम. पदवीनंतर दवाखाना टाकणं, एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होणं किंवा पुढे शिकून पुण्याच्या रोग अन्वेषण विभागासारख्या ठिकाणी जाणं, तिन्ही जमतं. पोट भरायला पीएचडीपर्यंत थांबावं लागत नाही.

काम कसं असतं ते तिला पावसाळ्याआधीच्या घटसर्प-फऱ्याच्या लसीकरणात दिसेल. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून पथकाबरोबर एक दिवस पाठवा. लस २ ते ८ अंशांत राहावी लागते आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ च्या पुढे. डबा सारखा उघडला की लस तापते. उलट लाळ्या-खुरकुताची लस बर्फाला टेकून गोठली तर बाटली तशीच दिसते, पण लस निकामी. एकच सुई सगळ्या गोठ्याला वापरली तर एका जनावराचा रोग दुसऱ्याला जातो. पुष्कळदा "लस दिली तरी रोग आला" याच्या मागे यातलंच काहीतरी असतं.

दोन गोष्टी मात्र तिने आत्ता करू नयेत. गाभडलेल्या गाई-म्हशीचा वार उघड्या हाताने उचलू नये, गुरं गाभडवणारा ब्रुसेला हा रोग माणसालाही होतो. आणि अचानक मेलेल्या, नाकातोंडातून काळं रक्त आलेल्या जनावराजवळ जाऊ नये, ते कुणी फाडूही नये. काळपुळी (अँथ्रॅक्स) असली तर हवा लागताच तिचे बीजाणू तयार होतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. डॉक्टर कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचेवर घेतात, निदानाला तेवढं पुरतं.

तुमच्या पत्रावरून माझा कौल पशुवैद्यकाकडे, कारण त्यात नोंदणी आहे, लवकर कमाई आहे आणि संशोधनाची वाटही उघडी राहते. विहिरीवरचा मलबा तिला गोठ्यापेक्षा जास्त ओढतोय असं दिसलं तर भूगर्भशास्त्र, बिनधास्त. आणि हवामानाचीच तळमळ असेल तर गुरांच्या पोटात तयार होणाऱ्या मिथेनवर बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेत काम चालतं. तिथे पशुवैद्यकातूनही जाता येतं.

बारावीच्या दिवाळीपर्यंत ठरवलं तरी चालेल. नीटचा फॉर्म मात्र भराच, आणि गणित असल्याने एमएचटी-सीईटीचाही. राखीव प्रवर्गातून अर्ज करणार असाल तर जात पडताळणीचा प्रस्ताव कॉलेजमार्फत याच वर्षी टाका. निकालानंतर धावपळ करून तो वेळेत मिळत नाही, आणि गुण असूनही जागा जाते.