संकट तेच, मग गरिबांवरच घाला का?

प्रश्न : भूकंप गरीब-श्रीमंत पाहत नाही. तरी गरीब वस्त्यांतच जास्त माणसं का दगावतात?

उत्तर : कारण माणसं बहुतेक वेळा घराखाली चिरडून मरतात. 12 जानेवारी 2010 रोजी हैतीत 7.0 तीव्रतेचा भूकंप झाला. मृतांची संख्या लाखावर गेली. पुढच्याच महिन्यात चिलीत 8.8 चा धक्का बसला. ऊर्जा सुमारे 500 पट, पण बळी 500च्या आसपास. चिलीतला केंद्रबिंदू दाट वस्तीपासून दूर होता, हे खरं. तरीही मोठा फरक पाडला तो बांधकामाच्या नियमांनी आणि ते पाळले गेल्याने.

खांबातल्या रिंगांचं, म्हणजे उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या लोखंडी कड्यांचं बघा. खांबाच्या दोन्ही टोकांना त्या साधारण दर 10 सेंटीमीटरवर हव्यात आणि त्यांचे हुक, म्हणजे वाकवलेली टोकं, 135 अंशांत आत वळवलेले हवेत. 90 अंशांवर सोडलेले हुक हादऱ्यात उघडतात, उभ्या सळ्या बाहेर फुगतात आणि स्लॅब खाली बसतो. जादा लोखंड फारसं लागत नाही. लागतो जाणता मिस्त्री आणि तपासणारं कुणीतरी. पैसे येतील तशी एकेक खोली वाढवणाऱ्याला दोन्ही मिळत नाहीत.

पूर आणि दरडींचंही तसंच. पूररेषेत किंवा उतारावर लोक अज्ञानापोटी राहत नाहीत. रोजगार जवळ असतो आणि परवडणारी जागा तीच असते. जागेचा कागद नसेल तर मजबुतीसाठी कर्ज नाही, नंतर भरपाईही अडते. इशारा मिळूनही अनेक जण हलत नाहीत : सामान चोरीला जाईल, जनावरं कुठे न्यायची? म्हणून निवाऱ्यात गुरांसाठी जागा आणि मागे वस्तीवर पहारा, या दोन सोयी आधी करा.