सोया दूध आंबूस झालंय, विरजण लावू का?

प्रश्न : ताई, माझ्या मुलाला साधं दूध पचत नाही म्हणून घरी सोया मिल्कचा एक लिटरचा पॅक येतो. परवा फोडलेला पॅक रात्रभर ओट्यावरच राहिला, सकाळी वास घेतला तर किंचित आंबूस, आणि चहात घातलं तर बारीक दाणे झाले. सासूबाई म्हणतात टाकू नकोस, दही म्हणजे शेवटी आंबलेलं दूधच ना, चांगलं उकळ आणि विरजण लाव. लावू का?

उत्तर : नका लावू. सासूबाईंचं म्हणणं मला कळतं, आमच्याकडेही नासलेलं दूध कधी मोरीत गेलं नाही, त्याचा कलाकंदच व्हायचा. पण दूध आंबवतंय कोण हे महत्त्वाचं. विरजणात दह्याचे जिवाणू आपण मुद्दाम घालतो. ओट्यावरच्या पॅकमध्ये रात्रभर कोण वाढलं हे आंबूस वासावरून सांगता येत नाही.

आता उकळण्याचं. बॅसिलस सीरियस नावाचा एक जिवाणू आहे, रात्रभर बाहेर राहिलेला भात खाऊन उलट्या होतात ना, तोच. त्याचे बीजाणू, म्हणजे जाड कवचात झोपलेली त्याची रूपं, उकळूनही मरत नाहीत आणि त्याने एकदा उलटीचं विष तयार केलं की ते प्रेशरखालच्या 121 अंशांच्या उष्णतेतही टिकतं, मग आपल्या गॅसवरच्या उकळीची काय कथा! वर विरजण लावून तेच दूध आपण सहा-आठ तास उबेत ठेवणार, म्हणजे उरलेल्यांना आयती पंगतच. दह्याचे जिवाणू आंबटपणा वाढवून इतरांची वाढ रोखतात हे खरं, पण आधी तयार झालेलं विष ते काढून टाकत नाहीत.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर इंडोनेशियातल्या जावा बेटावरचं उदाहरण घ्या. तिथे नारळाचा चोथा आंबवून तेंपे बोंगक्रेक नावाचा पदार्थ करायचे, त्यात कधीकधी भलताच जिवाणू शिरायचा आणि माणसं दगावायची. ते विषही शिजवून जात नाही, शेवटी 1988 मध्ये इंडोनेशियाने त्यावर बंदीच घातली. तुमच्या पॅकमध्ये तसलं काही असेल असं नाही हो, घाबरवत नाहीये, पण वनस्पतीचं म्हणजे निरुपद्रवी हा समज तेवढा सोडा.

बाकी चहातल्या दाण्यांवर जाऊ नका, ताजं सोया दूधसुद्धा गरम चहा-कॉफीत कधीकधी फुटतं. पॅकच्या तळाशी साका बसला आणि हलवल्यावर एकजीव झाला तरी काळजी नाही. पण आंबूस किंवा खवट वास, फुगलेला पॅक, ओतताना सुटणारी तार, यातलं एक जरी दिसलं तरी चव घेऊनही बघू नका. तुमच्याकडे वास आहे आणि रात्रभर बाहेर राहिलंय, विषय संपला.

दही हवंच असेल तर नवा, बिनफ्लेवरचा पॅक फोडल्या फोडल्या लावा. दूध 42-43 अंशांवर आणा, म्हणजे करंगळी बुडवली तर गरम लागेल पण चटका नाही, अर्ध्या लिटरला चमचाभर साखर घाला कारण सोयात दुधातली लॅक्टोज साखर नसते आणि जिवाणूंना काहीतरी खायला लागतंच. मुलाला फक्त लॅक्टोज पचत नसेल तर विरजणाला साध्या दह्याचा एक चमचा चालायला हरकत नाही, दुधाची ॲलर्जी असेल तर मात्र अजिबात नाही, मग विरजणाला बाजारातलं व्हीगन, म्हणजे बिनदुधाचं, दही आणा. मिरचीच्या देठांचं विरजण हल्ली सगळेच सांगतात, मला ते बेभरवशाचं वाटतं, देठावर काय काय असतं कुणास ठाऊक. भांडं हलवू नका, सहा-आठ तासांनी कडेने वाकवून बघा, थरथरलं पण वाहिलं नाही की लगेच फ्रिजमध्ये. हेच बदामाच्या दुधाचं करायला गेलात तर ताकच हाती येईल, त्यात प्रोटीन फार कमी असतं.