लिव्हर कॅन्सर: इम्युनोथेरपी घ्यावी की टार्गेटेड गोळ्या?

ताई, बाबांच्या ॲडव्हान्स लिव्हर कॅन्सरला डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितलेत, दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं) नाहीतर घरी घ्यायच्या टार्गेटेड गोळ्या (गाठीच्या वाढीला लागणाऱ्या ठरावीक गोष्टी रोखणाऱ्या), आणि तुम्ही विचारताय कुठलं चांगलं. माझ्या मोठ्या भावाची ट्रीटमेंट मी जवळून बघितलीय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नुसते आकडे बघाल तर इम्युनोथेरपी पुढे आहे. अटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध आणि बेव्हॅसिझुमॅब जोडीने दिलेले निम्मे पेशंट १९.२ महिन्यांपेक्षा जास्त जगले, सोराफेनिबच्या गोळ्यांवर तोच आकडा १३.४. पण यातलं बेव्हॅसिझुमॅब मुळात टार्गेटेडच औषध, गाठीचा रक्तपुरवठा तोडणारं. निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध एकटं दिलं तेव्हा ते सोराफेनिबला हरवू शकलं नाही, म्हणजे जोर जोडीत आहे.

आता महत्त्वाचं. हे आकडे लिव्हर बऱ्यापैकी चालणाऱ्या पेशंटचे आहेत, त्यामुळे आधी विचारा बाबांचा चाइल्ड-प्यू (लिव्हर किती चालतंय याची श्रेणी, ए म्हणजे बरं, बी म्हणजे त्याहून खराब) ए आहे का बी. मग एंडोस्कोपी झाली का ते बघा, कारण सिरॉसिसमध्ये (लिव्हर कडक होऊन खराब होतं तेव्हा) अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि बेव्हॅसिझुमॅबने रक्तस्राव होऊ शकतो. तो धोका मोठा असेल तर डुरव्हॅलुमॅब-ट्रेमेलिमुमॅब या इम्युनोथेरपीच्या जोडीचं विचारा, त्यात बेव्हॅसिझुमॅब नसतं आणि पाच वर्षांनी साधारण २० टक्के पेशंट हयात होते, सोराफेनिबवर ९. हेपॅटायटिस बी असेल तर त्याची गोळी अजिबात बंद करू नका. लिव्हर ट्रान्सप्लांट झालेला असेल तर इम्युनोथेरपी सहसा टाळतात, शरीर नवीन लिव्हर नाकारू शकतं.

गोळ्यांना कमी लेखू नका हां. लेन्व्हाटिनिब वजनावर ठरतं, ६० किलो किंवा जास्त असेल तर १२ एमजी, कमी असेल तर ८. भावाला सोराफेनिबने तळहात-तळपाय सोलवटून चालवेना, डोस कमी केल्यावर सुधारलं, म्हणून पहिल्या दिवसापासून क्रीम लावा आणि बीपी घरीच मोजा.

खर्चाचं म्हणाल तर २०१२ मध्ये सरकारने सोराफेनिबचं सक्तीचं लायसन्स (पेटंट दुसऱ्याचं असतानाही औषध बनवायची परवानगी) नॅटको या भारतीय कंपनीला दिलं आणि महिन्याचे २ लाख ८० हजार होते ते ८,८८० वर आले, इम्युनोथेरपी मात्र अजून महागच. सुरू करण्याआधी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जाऊन विचारा यातलं काय मिळतं आणि गोवा सरकारच्या आरोग्य विम्याच्या दीन दयाळ कार्डावर काय बसतं, अर्ध्यात पैसे संपून इंजेक्शन चुकणं सगळ्यात वाईट.

आणि इम्युनोथेरपी चालू झाल्यावर जुलाब, दम लागणं, काळी शी, डोळे पिवळे होणं यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.