आमच्या माघारी याचं कसं होणार?

स्किझोफ्रेनियासारखा दीर्घ मानसिक आजार असलेल्या मुलामुलींचे आईवडील नागपुरात माझ्याकडे येतात, ते शेवटी याच प्रश्नापाशी थांबतात. घरोघरी उत्तरंही ठरलेली असतात: भाऊ बघेल, नाहीतर मनोरुग्णालय आहेच.

सक्करदऱ्याच्या एका काकूंचं सांगते (ओळख बदलली आहे). त्या सत्तरीच्या, मुलगा पंचेचाळिशीचा. औषधांनी आजार बराच आटोक्यात. तरी गोळी हातावर ठेवणं, आंघोळीचं पाणी काढणं, रात्री उठून तो झोपला का बघणं, सगळं काकूच करायच्या. "एकदा रात्री निघून गेला होता नं, मॅडम. तेव्हापासून झोपच नाही."

ज्याच्या पुढच्या आयुष्याचं बोलणं आहे तो खोलीत हवाच, हा माझा आग्रह. पहिल्या काही भेटींत तो गप्पच होता. एकदा मी त्यालाच विचारलं, "रात्री आई येते, तेव्हा कळतं का?"

"कळतं नं. मी जागाच असतो. डोळे मिटून पडतो, मग ती झोपते."

"काऊन रे, सांगितलं नाहीस कधी?" काकूंनी विचारलं.

"तुझं बीपी वाढते नं."

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सांभाळणारी मीच, असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. तोही रोज रात्री त्यांना सांभाळत होता. माझ्या कामाचा गाभा मला तिथे दिसतो. आजारानं माणसाची दुसऱ्याची काळजी घेण्याची ताकद जात नाही, घरानं तिला जागा ठेवलेली नसते. त्या दिवसानंतर आम्ही "माघारी"चं बोलणं सोडून "आत्ता"चं सुरू केलं.

आधी डे केअर, म्हणजे अशा रुग्णांसाठीचं दिवसाचं केंद्र, दुपारपुरतं. तिथे तो भाजी चिरायला, हिशेब लिहायला लागला. गोळ्यांचा डबा आठवड्याचा स्वतः भरू लागला. मग मोजक्या जणांच्या सामूहिक घरात दोन-दोन रात्री राहून बघणं. पहिल्या रात्री काकूंनी चारदा फोन केला. तो एकदाच बोलला, नंतर जेवायला गेला. आता तो तिथेच राहतो, रविवारी घरी येतो.

आई गेल्याच्या दुःखात नवं घर, नवी माणसं, नवी दिनचर्या एकदम अंगावर येऊ देऊ नका. तुम्ही आहात तोवर हे करा.

कायदाही तुमच्या बाजूनं आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम १९ म्हणतं की कुटुंब नाही किंवा स्वीकारत नाही, एवढ्याच कारणानं कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. निवाऱ्याची आणि आधारासह राहण्याची सोय करणं हे शासनाचं काम आहे. प्रत्यक्षात अशी घरं गरजेपेक्षा फार कमी आहेत, म्हणून शोध लवकर सुरू करा. याच कायद्यानं रुग्णाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत साथ देणारा माणूस, निवडता येतो. तो त्यानं निवडावा, तुम्ही नाही. अपंगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि त्याच्या नावाचं बँक खातं आत्ताच करून घ्या.

घर बघायला जाल तेव्हा विचारा: रात्री कोण असतं, बाहेर जायची मुभा आहे का, त्याचे पैसे कुणाच्या हातात राहतात, तब्येत बिघडली तर कुठे नेता. आणि त्याला सोबत न्या, हे प्रश्न त्यालाच विचारू द्या.