व्हीलचेअरवरच्या आजींना नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात पक्षी दाखवता येतील का?

हो, नक्की न्या. फक्त पक्षी पाहायच्या मनोऱ्याचा हट्ट सोडा; वर जायला जिनाच आहे. गोदावरी-कादवा संगमावरच्या इथल्या बंधाऱ्यामागे गाळ साचून उथळ दलदल तयार झालीय, त्यामुळे बरेच पक्षी काठाजवळच चरतात. चापडगावच्या बाजूने गेलात तर वारकरी, जांभळी पाणकोंबडी, चमचा हे पक्षी खालूनही छान दिसतात.

खरी अडचण वाटेची. व्हीलचेअरची पुढची लहान चाकं मऊ मातीत रुततात आणि खुर्ची पुढे कलंडते. अशा जागी खुर्ची उलटी फिरवा, थोडी मागे झुकवा आणि मोठ्या चाकांवर ओढत न्या. आजींचा पट्टा बांधलेला हवा. दोन माणसं असलेली बरी.

स्थानिक गाइड सोबत घ्या, त्यांच्याकडे स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवर लावायची एका डोळ्याने पाहायची दुर्बीण, असते. ट्रायपॉड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे साधारण ११५ ते १२० सेंमीवर, आणायला सांगा आणि पाय फाकवून लावा, म्हणजे खुर्ची जवळ सरकते. स्कोपची आयपीस (डोळा लावायचं भिंग) तिरपी असेल तर थोडं आणखी खाली. हातातली दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. १०×५० जड पडते, हात थरथरले की काहीच दिसत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पण निफाड तालुक्यातली थंडी पहाटे फार बोचते आणि बसलेलं माणूस लवकर गारठतं, म्हणून आठनंतर पोहोचा. सूर्य पाठीशी ठेवा. स्वच्छतागृहाचं निफाड गावातच उरकून निघा.