‘अलाउ’ दाबण्याआधी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कर्जाच्या अर्जात एका ॲपने डिजिलॉकरची परवानगी मागितली. ती दिली तर माझी सगळीच कागदपत्रं त्यांना दिसतात का? परवानगी नंतर काढून घेता येते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सगळी दिसत नाहीत, खूण केलेलीच जातात. पण परवानगीचं पान न वाचताच बहुतेक जण ‘अलाउ’ दाबतात आणि नको ते कागदही जातात. कोण मागतंय, कोणते कागद, कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढं तिथे वाचाच. काही खुणा आधीच केलेल्या असू शकतात. फक्त पॅन हवं असेल तर लायसन्स आणि मार्कशीटवरची खूण काढा. मुदत बदलायची सोय असेल तर जवळची तारीख टाका, कारण एकदाच्या केवायसीला महिनाभराची परवानगी लागत नाही.

डिजिलॉकरच्या ‘इश्यूड’ विभागात मूळ कागद नसतो, त्याचा दुवा असतो. कागद येतो तो परिवहन विभाग किंवा परीक्षा मंडळासारख्या देणाऱ्या कार्यालयाकडून. परवानगी मागे घेतलीत की यापुढे कागद मिळणं थांबतं. कंपनीने आधीच उतरवून घेतलेली प्रत मात्र तिच्या सर्व्हरवर तशीच राहते, ती डिजिलॉकरला पुसता येत नाही. अर्ज अर्ध्यात सोडला असेल तर माहिती काढून टाका, असं कंपनीला ईमेलने कळवा आणि उत्तर जपून ठेवा. कर्ज घेतलं असेल तर हा आग्रह चालणार नाही. मनी लाँडरिंगविरोधी कायद्यानुसार ग्राहकाशी व्यवहार संपल्यावरही ओळखीच्या नोंदी 5 वर्षं ठेवाव्या लागतात.

प्रश्न : सोसायटी भाडेकरूंकडून व्हॉट्सॲपवर आधारची प्रत मागते. मास्क्ड आधार दिलं तर पुरेसं आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पूर्ण आधारपेक्षा नक्कीच बरं. मायआधार पोर्टलवर ओटीपीने लॉगिन करा, डाउनलोड करताना ‘मास्क्ड’वर खूण करा. पहिले 8 अंक झाकले जातात, शेवटचे 4 दिसतात. पण झाकला जातो तो फक्त क्रमांक. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो तसेच राहतात, कागदावर आणि क्यूआर कोडमध्येही. फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली 4 इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल, हे सगळ्यांनाच माहीत असतं. त्यामुळे पासवर्ड आहे म्हणून फाइल ग्रुपवर टाकू नका.

सेक्रेटरींना आमची विनंती आहे की प्रती गोळा करू नका. झेरॉक्समध्ये कोणीही फेरफार करू शकतं. आधारच्या क्यूआरमध्ये डिजिटल सही असते, ती अधिकृत ॲपने स्कॅन करून तपासता येते. रजिस्टरमध्ये नाव आणि शेवटचे 4 अंक लिहिले की सोसायटीचं काम भागतं.

प्रश्न : मी आधार कुठे कुठे वापरलं हे सरकारला कळतं का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : कसं वापरलं यावर ते अवलंबून आहे. क्यूआर दाखवून ऑफलाइन तपासणी झाली तर यूआयडीएआयकडे, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, त्याची नोंद जात नाही. ओटीपी किंवा बोटाच्या ठशाने ऑनलाइन पडताळणी झाली तर जाते. त्यात तारीख, वेळ, पद्धत आणि संस्थेचं नाव असतं. पडताळणी कशासाठी होती हे नोंदवायला 2016 च्या आधार कायद्यानेच मनाई केली आहे. तरी काळजी संपत नाही, कारण संस्थेच्या नावावरूनच पुष्कळ काही कळतं. अशा नोंदी 5 वर्षं ठेवायचा नियम होता. सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या निकालात तो कमी करून 6 महिन्यांवर आणला, हा आपला मोठा आधार आहे.

युरोपीय संघाच्या 2024 च्या कायद्यात तर डिजिटल ओळखपत्रांचं वॉलेट पुरवणाऱ्याने वापराची माहिती गरजेपेक्षा जास्त गोळा करू नये, असं स्पष्ट लिहिलं आहे. डिजिलॉकरसाठीही इतकं स्पष्ट कलम आपल्याकडे हवं.

मायआधार पोर्टलवर ‘ऑथेंटिकेशन हिस्ट्री’त मागच्या 6 महिन्यांच्या नोंदी दिसतात, एका वेळी जास्तीत जास्त 50. महिन्यातून एकदा त्या बघा. तुम्ही न केलेली ठशाची नोंद दिसली तर आधी बायोमेट्रिक लॉक करा, मग 1947 या आधार हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर बँकेला आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला त्याच दिवशी कळवा.